प्रदर्शनाचा आठवडा, जर्मनीची थंडी आणि परतल्यावरचं रनिंग: दौऱ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर काय करायचं

नोव्हेंबर अर्धा सरत आला की भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फची धावपळ सुरू होते. शस्त्रक्रियेच्या उपकरणांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवतो आणि त्यांचे गिऱ्हाईक ‘मेडिका’ या वैद्यकीय प्रदर्शनात भेटतात. चार दिवस, सकाळी १० ते संध्याकाळी ६, स्टॉलवर उभं राहायचं. आधी मांडामांड, नंतर एखाद्या ग्राहकाच्या कारखान्याला भेट, म्हणजे घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत नऊ-दहा दिवस जातात. मी जिची तयारी करत असते ती मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे रविवारचे लांब पळणं, लाँग रन, २५-२८ किलोमीटरवर पोचलेले असतात, पाय जरा तयार व्हायला लागलेले असतात आणि नेमकं तेव्हाच विमान पकडावं लागतं.

पहिल्या वर्षी मी हे सगळं चुकीचं केलं. दौऱ्यात पाऊलभरही पळले नाही. परतले शनिवारी पहाटे आणि रविवारी ग्रुपबरोबर वेताळ टेकडीच्या बाजूला २४ किलोमीटरला निघाले, कारण मनात एकच हिशेब चालू होता: पळायचे दिवस बुडालेत, ते वसूल करायचे. अठराव्या किलोमीटरला पोटरीत चमक भरली. तीन आठवडे पळणं बंद झालं. दहा दिवसांच्या दौऱ्याने माझं फारसं काही नेलं नव्हतं. त्या एका रविवारने तीन आठवडे नेले.

तेव्हा आमचे कोच सर म्हणाले होते, “ताई, बुडाले ते बुडाले. शर्यत जानेवारीत आहे, परवा नाही.” पुढचं सगळं याच वाक्याच्या आधाराने लिहिते आहे. उदाहरण माझ्या ड्युसेलडॉर्फच्या दौऱ्याचं आहे. तुमचा दौरा मिलानचा किंवा शिकागोचा असला तर घड्याळाचे आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी भीती बाजूला ठेवा

दहा दिवसांत सगळं वाया जाईल असं वाटतं, तसं होत नाही. अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली चांगल्या तयारीच्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून मोजमापं घेतली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. पूर्ण बंद ठेवूनही एवढीच. सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताचं एकूण प्रमाण कमी झाल्यामुळे होते आणि सराव सुरू झाला की ते लवकर भरून येतं. ताकद तर दोन-तीन आठवडे जवळपास जागची हलत नाही.

याहून कामाचं संशोधन रॉबर्ट हिक्सन यांचं, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं. आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सराव केलेल्या लोकांचा सराव त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे कमी केला. दिवस सहावरून दोनवर आणले, तरी १५ आठवडे क्षमता टिकली. दुसऱ्या गटात वेळ ४० मिनिटांवरून १३ मिनिटांवर आणली, तरी कमाल क्षमता टिकली, फक्त लांब पल्ल्याचा दम थोडा उतरला. तीव्रता कमी केली तेव्हा मात्र क्षमता घसरली. दौऱ्यासाठी यातून सरळ नियम निघतो: दिवस कमी करा, मिनिटं कमी करा, पण जे थोडं कराल त्यात दोनदा तरी दम लागू द्या. बाकीचा वेळ झोपेला.

निघण्याआधीचे तीन आठवडे

खरं काम इथेच होतं आणि लोक नेमकं हेच सोडतात. बहुतेक मॅरेथॉनच्या वेळापत्रकांत दोन-तीन आठवडे किलोमीटर वाढत जातात आणि मग एक हलका आठवडा येतो. तारखा हातात आल्या की तो हलका आठवडा उचलून थेट दौऱ्यावर ठेवा. त्यासाठी आधीचे आठवडे सरकवावे लागले तरी चालतील. मग दौरा हा सरावातला खड्डा राहत नाही, तो वेळापत्रकातलाच एक आठवडा होतो. माझं आता असं असतं: निघण्याच्या आधीच्या रविवारी २६-२८ किलोमीटर, मंगळवारी शेवटचं जोरदार इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून पळणं), गुरुवारी ४० मिनिटं आरामात, शुक्रवारी रात्री विमानतळ. निघायच्या आदल्या दिवशी जिममध्ये जाऊन पायांचा कस काढू नका. दुखऱ्या मांड्या घेऊन नऊ तास एका खुर्चीत बसणं त्रासाचं असतं.

कामाचं वेळापत्रकही तेव्हाच बघा. ग्राहकांबरोबरची जेवणं कोणत्या रात्री आहेत, हॉटेल प्रदर्शनाच्या किती जवळ आहे, सकाळी किती वाजता निघावं लागेल. मेडिकाच्या दिवसांत ड्युसेलडॉर्फमधली हॉटेलं फार महाग होतात, म्हणून बरेच जण नॉइस, डुइसबुर्ग किंवा थेट कोलोनमध्ये उतरतात. खोलीचे पैसे वाचतात, पण रोजचा तास-दीड तास ट्रेनमध्ये जातो, आणि तो तुमच्या झोपेतून किंवा पळण्यातून वजा होतो. मी हल्ली खोली लहान घेते, पण ऱ्हाईन नदीपासून चालत जाता येईल अशी घेते. मालकांना मी याचं कारण सरळ सांगितलं: सकाळी अर्धा तास पळून आलेली मी स्टॉलवर संध्याकाळी पाचलाही नीट बोलते.

झोपेची तयारी घरूनच सुरू करता येते. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, म्हणून शेवटचे तीन दिवस रोज अर्धा-पाऊण तास उशिरा झोपा आणि उशिरा उठा. घरात शाळेचा डबा, पाणी, दूध असं सगळं असताना हे पूर्ण जमत नाही. दोन दिवस जमलं तरी उपयोग होतो.

बॅग

पळायचे बूट केबिन बॅगेत. सामान एक दिवस उशिरा आलं तर शर्ट विकत घेता येतो, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. त्यांच्या पोकळीत मोजे आणि चार्जर जातात, म्हणजे जागाही वाया जात नाही. स्टॉलवर घालायचे बूट वेगळे आणि आधी महिनाभर वापरून मऊ झालेले हवेत. पूर्ण दौऱ्यात पायांना सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट पळणं नसून काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ गालिच्यावर आठ तास उभं राहणं आहे.

नोव्हेंबरच्या मध्याला तिथे सकाळी साधारण ४ ते ६ अंश असतं, वारा आणि झिमझिम पाऊस वेगळा. आपल्या पुण्याच्या थंडीचे कपडे अपुरे पडतात. एक पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर, लांब टाइट्स, हातमोजे, कान झाकणारी टोपी. दोन जोड पुरतात, कारण रात्री हीटरजवळ टाकलेले कपडे सकाळपर्यंत सुकतात. चमकणारा पट्टा किंवा छोटा दिवा नक्की घ्या. सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो, म्हणजे तुमचं जवळजवळ सगळं पळणं अंधारातच होणार. एक इलॅस्टिक बँड, एक टेनिसचा चेंडू तळपायाखाली फिरवायला. एवढंच. योगा मॅट नेऊ नका, टॉवेल पुरतो.

खाऊच्या बाबतीत एक नियम लक्षात असू द्या. युरोपीय संघात बाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा. व्हे प्रोटीन हेही दुधाचंच, त्यामुळे डबा नेऊन कस्टमशी वाद घालण्यापेक्षा तिथे विकत घ्या. मी फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, गुळातले राजगिऱ्याचे लाडू आणि मेतकुटाची छोटी बाटली नेते. मेतकूट कशासाठी, ते पुढे सांगते.

विमानात

पुण्याहून रात्री मुंबईला जायचं तर एक्सप्रेसवेवर घाटात अडकण्याची शक्यता धरून निघावं लागतं, म्हणून बहुतेक जण विमानात बसण्याआधीच थकलेले असतात. गाडीतच जेवून घ्या. घरचा डबा, दही-भात किंवा पोळी-भाजी, आठच्या आसपास. मग विमानात रात्री दीड-दोनला येणारं जेवण सरळ नाकारून झोपता येतं. माझ्या मते रात्रीच्या विमानातला सर्वांत उपयोगी निर्णय हाच.

केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे नऊ तास तुम्ही कळसूबाईच्याही वर, अतिशय कोरड्या हवेत बसलेले असता. घसा कोरडा पडतो, तहान कळत नाही. तासाला साधारण कपभर पाणी प्या, दारू टाळा. शक्यतो आइल सीट घ्या, जागे असाल तेव्हा तासाभराने उठा, बसल्या जागी टाचा-चवडे वीस-वीस वेळा वरखाली करा. चार तासांहून लांब प्रवासात पायाच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट माणसात तो मुळात फार कमी असतो, पण गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, घरात कुणाला असा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. उतरल्यावर एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा जाणवला किंवा दम लागायला लागला तर ती ‘रनिंगची पोटरी’ समजून चोळत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा काढलेला असतोच, त्याचा कागद फोनमध्ये उघडून ठेवा.

पहिले दोन दिवस: घड्याळ

हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पुण्यात मी पहाटे पाचला उठते, म्हणजे तिथल्या घड्याळात रात्री साडेबाराला. पहिल्या रात्री दीड-दोनला टक्क जाग येणार हे धरूनच चाला.

शरीराचं घड्याळ सर्वांत जास्त प्रकाश ऐकतं. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-अडीच तास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या क्षणाच्या आधीच्या काही तासांत मिळालेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, नंतरच्या काही तासांतला पुढे ओढतो. माझ्यासाठी हा क्षण पुण्याचा पहाटे अडीचचा, म्हणजे ड्युसेलडॉर्फचा रात्री दहाचा. म्हणून पहिल्या संध्याकाळी, झोप कितीही आली तरी, नऊ-साडेनऊपर्यंत उजेडात राहायचं. दुकानं, स्टेशन, लोकांची गर्दी असलेले रस्ते. आणि रात्री दीडला जाग आली तर दिवा लावायचा नाही, फोन बघायचा नाही, ईमेलला तर हातच लावायचा नाही. अंधारात पडून राहायचं, श्वास मोजायचे. पश्चिमेकडे जाताना घड्याळ दिवसाला तास-दीड तास सरकतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचं गणित जमतं.

उतरलात त्या दिवशी पळू नका. सामान टाका, दिवसाउजेडी तासभर चाला. फ्रँकफर्टला उतरून ट्रेनने ड्युसेलडॉर्फ गाठणाऱ्यांची दुपार तशीही होतेच. आणि हो, उतरायचा दिवस शनिवार असेल तर खरेदी त्याच दिवशी उरका. जर्मनीत रविवारी सुपरमार्केटं बंद असतात. पहिल्या वर्षी हे माहीत नसल्यामुळे रविवारी रात्री माझ्याकडे फक्त चिक्की होती.

रविवारी सकाळी २५ मिनिटं अगदी सावकाश पळा. पाय मोकळे होतात आणि रस्त्याची ओळख होते. प्रदर्शनाच्या जागेपासून जुन्या शहराकडे नदीकाठाने चार-पाच किलोमीटरचा सरळ, सपाट रस्ता आहे. डावीकडे ऱ्हाईन पार्कची हिरवळ, समोर २४० मीटर उंचीचा ऱ्हाईन टॉवर. एका पुलावरून पलीकडे ओबरकासेलच्या बाजूला जाऊन दुसऱ्या पुलाने परत येता येतं. सकाळी कुत्री फिरवणारे आणि पळणारे लोक बरेच असतात, त्यामुळे एकट्या बाईलाही अंधारात अवघड वाटत नाही. तरीही मी झाडीत शिरत नाही, दिव्यांच्या रस्त्यावरच राहते आणि खोलीच्या सोबतिणीला वेळ सांगून निघते. तिथे फुटपाथचा लाल रंगाचा भाग सायकलींसाठी असतो. त्यावरून पळालात तर मागून घंटी वाजेल, आणि ती वाजवणाऱ्याचं बरोबर असेल.

प्रदर्शनाचे चार दिवस

सोमवारी काही करू नका. पहिल्या दिवशी उभं राहणं, बोलणं, हॉलमधून हॉलमध्ये पायपीट, संध्याकाळपर्यंत वीस हजार पावलं सहज होतात. ती पावलं म्हणजे सराव नव्हे, पण पायांवरचं ओझं आहेच.

मंगळवारी सकाळी साडेसहाला बाहेर. आठ मिनिटं हळू, मग एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू असं सहा वेळा, मग पाच मिनिटं हळू. पंचवीस मिनिटांत काम संपलं. थंडीत पहिली आठ मिनिटं खरंच हळू हवीत. चार अंशांत पोटऱ्या उशिरा जाग्या होतात. जोरात म्हणजे जिवाच्या आकांताने नाही, पाच किलोमीटरच्या शर्यतीला पळाल तितपत.

बुधवारी खोलीत पंधरा मिनिटं. बैठका १५, जोर १० (नाही जमले तर पलंगाच्या कडेवर हात टेकून), एका पायावर टाच उचलणं प्रत्येकी १५, प्लँक ४० सेकंद. असे तीन फेरे, मध्ये न थांबता. एका पायावरची टाच अजिबात सोडू नका. परतल्यावर पोटरी वाचते ती याच्यामुळे, असा माझा अनुभव.

गुरुवारी अर्धा तास: दहा मिनिटं हळू, बारा मिनिटं टेम्पो, म्हणजे तुटक शब्दच बोलता येतील असा वेग, आणि आठ मिनिटं हळू. दोन दमाची सत्रं झाली, हिक्सनचा हिशेब पूर्ण झाला.

यातलं काही बुडालं तर? आदल्या रात्री ग्राहकाबरोबर साडेअकरा वाजले असतील तर सकाळचा गजर बंद करून झोपा. मी एक कडक नियम पाळते: सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर जोराचं सत्र नाही, फक्त नाश्त्याआधी वीस मिनिटं चालणं. कमी झोपेवर मारलेले इंटरव्हल्स अंगाला लागत नाहीत, सर्दी मात्र लवकर लागते. चार दिवस हजारो लोकांशी हस्तांदोलन चालू असतं. हात वारंवार धुवा. नाक वाहत असेल आणि बाकी बरं असेल तर हलकं पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत खोकला असेल तर पूर्ण विश्रांती.

संध्याकाळी खोलीत आल्यावर दहा मिनिटं भिंतीला पाय लावून पडा. सुजलेले पाय उतरतात, पाठ सरळ होते, आणि जेवायला जाताना माणूस परत माणसात येतो.

जेवण

जर्मन हॉटेलातला नाश्ता पळणाऱ्यासाठी उत्तम असतो. उकडलेली अंडी, म्युसली, काळा राय ब्रेड, फळं आणि क्वार्क. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचाच भाऊ. बिनसायीच्या क्वार्कमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे २५० ग्रॅमचा डबा खाल्ला की ३० ग्रॅम. सुपरमार्केटात स्वस्तात मिळतो. खोलीत चिरलेली काकडी, मीठ आणि माझं मेतकूट घालून रात्री खाल्ला की बाहेरच्या जेवणाची आठवण येत नाही. न्याहारी भरपूर करा, स्टॉलवर दर तीन तासांनी मूठभर फुटाणे-शेंगदाणे, म्हणजे दुपारी बिस्किटांच्या ताटलीवर हात जात नाही. प्रदर्शनात प्रत्येक स्टॉलवर चॉकलेटं ठेवलेली असतात आणि भूक लागलेली असली की हिशेब राहत नाही.

शाकाहारी मंडळींनी मसुराच्या सूपला भुलू नये. त्यात बऱ्याचदा सॉसेजचे तुकडे असतात, विचारून घ्या. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घेऊन फिरा. विकत घ्याल ते पाणी सोड्याचं निघण्याची शक्यता जास्त. साधं हवं तर ‘ओने कोलेनझॉयरे’ म्हणा.

रात्रीच्या जेवणात आग्रह बियरचा होतो. ड्युसेलडॉर्फच्या जुन्या शहरातली पद्धत अशी की आल्टबियरचा छोटा ग्लास रिकामा झाला की वाढणारा न विचारता दुसरा ठेवतो, आणि हे तुम्ही ग्लासवर खालचा पुठ्ठा ठेवेपर्यंत चालू राहतं. जे घेत असतील त्यांनी पहिल्यानंतरच पुठ्ठा ठेवावा. कुणीही वाईट मानत नाही. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीचा दुसरा भाग तुटक होतो, आणि तुमच्या झोपेची आधीच ओढाताण चाललेली आहे. कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात.

शनिवारचं लांब पळणं

शुक्रवार ग्राहकाच्या कारखान्यात जातो. शनिवारी शक्य असेल तर मी अर्धा दिवस स्वतःसाठी राखते आणि परतीचं विमान रविवारी दुपारचं घेते. लांब पल्ल्याचा दम पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी टिकत नाही, त्याला एक लांब सत्र लागतंच. उजाडल्यावर निघायचं, नदीकाठाने ७५ ते ९० मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने. घड्याळातला पेस बघू नका. थंड आणि सपाट रस्त्यावर तो पुण्यापेक्षा चांगलाच दिसतो, त्यावरून शर्यतीचं लक्ष्य ठरवलंत तर मुंबईच्या उकाड्यात पेडर रोडच्या चढावर पस्तावाल.

परतीचं विमान आणि पहिली सकाळ

पूर्वेला येताना दिवस आखूड होतो, आणि घड्याळ पुढे ओढणं मागे ढकलण्यापेक्षा जड जातं. दिवसाला साधारण एक तास. लोक इथे एक मोठी चूक करतात: पहिल्याच पहाटे शिस्तीने साडेपाचला उठून पळायला जातात.

हिशेब करून बघा. आठवडाभरात तुमचं शरीर जर्मनीच्या वेळेवर आलं. तिथे साडेसहाला उठत होतात, म्हणजे तापमानाचा तळ पहाटे चारला, म्हणजेच पुण्याचे सकाळचे साडेआठ. त्याआधी मिळालेलं कोवळं ऊन तुमचं घड्याळ पुढे ओढण्याऐवजी आणखी मागे ढकलतं. परतल्यावर आठवडाभर झोपेचा गोंधळ राहतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

मी मुंबईला रात्री एकच्या सुमाराला उतरते, पुण्यात घरी पोचायला पाच वाजतात. पडदे ओढून सरळ झोपते, साडेनऊचा गजर लावून. त्याहून जास्त झोपायचं नाही. दहाच्या सुमाराला तास-दीड तास उन्हात: बाजार, बँक, गच्चीवर कपडे वाळत घालणं, काहीही. दुपारी फार जड झालं तर वीस मिनिटांची डुलकी, तीही तीनच्या आत. रात्री अकराला अंथरुणावर, झोप येवो न येवो. दुसऱ्या दिवशी ऊन घ्यायची वेळ तासभर अलीकडे, तिसऱ्या दिवशी आणखी तासभर. पाचव्या दिवशी पहाटेचा ग्रुप गाठता येतो.

परतल्यानंतरचे पंधरा दिवस

सोमवारी, उतरल्या दिवशी, फक्त चालणं. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसनंतर ३० मिनिटं आरामात. बुधवारी जिम, पण नेहमीची निम्मी वजनं आणि निम्मे सेट. पंधरा दिवसांनी पूर्ण वजनाने स्क्वॉट मारलेत तर तीन दिवस जिना उतरता येणार नाही आणि रविवार जाईल. गुरुवारी सकाळी ४५ मिनिटं, शेवटी वीस-वीस सेकंदांच्या सहा मोकळ्या धावा. शुक्रवार रिकामा. शनिवारी ४० मिनिटं हळू.

रविवारी लाँग रन, आधीच्या सर्वांत लांब पळण्याच्या तीन चतुर्थांश. २८ केले होते तर २०-२१. टेकडी नको, विद्यापीठ किंवा पाषाणच्या बाजूचा सपाट रस्ता. ग्रुपमधले बाकीचे त्या दिवशी ३० करणार असतात आणि तिथेच मन डळमळतं. मी आधीच सांगून ठेवते की मी एकविसाव्याला थांबणार, आणि गाडी तिथेच लावते.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय या आठवड्यात फार उपयोगी पडते. नेहमीपेक्षा सहा-सात ठोके जास्त असेल तर त्या दिवशीचं सत्र हलकं करा. दोन दिवस सलग तसंच राहिलं तर सुट्टी घ्या. बऱ्याचदा विमानातून आणलेली सर्दी दोन दिवसांनी दिसते.

दुसऱ्या आठवड्यात नेहमीचे दिवस आणि नेहमीची मिनिटं, पण जोराचं सत्र एकच. वेळापत्रकातली राहिलेली सत्रं कुठेही घुसवायची नाहीत. मी वहीत त्या चौकोनांवर सरळ काट मारते. रिकामा चौकोन दिसला की हात शिवशिवतात.

काही दौरे या साच्यात बसत नाहीत. तीन आठवड्यांहून लांबला, किंवा तिथे ताप येऊन पाच-सहा दिवस गेले, तर शर्यतीचं लक्ष्य बदलायची तयारी ठेवा. वेळ सोडून फक्त पूर्ण करायचं ठरवा, किंवा अर्ध मॅरेथॉनकडे वळा. एप्रिलमध्ये हानोव्हरच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांची अडचण वेगळी: परतल्यावर समोर आपला उन्हाळा असतो आणि उन्हाची सवय दहा दिवसांत काही प्रमाणात गेलेली असते. त्यांनी पहिला आठवडा वेग विसरून, पाणी-मीठ सांभाळून, फक्त पहाटे किंवा दिवेलागणीनंतर पळावं. उठायची वेळ मागे-पुढे झालेली असल्यामुळे त्यांना दिवेलागण जास्त सोयीची पडते. आणि शर्यत परतल्यानंतर आठ-दहा दिवसांतच असेल तर हा दौरा म्हणजे तुमचा टेपर, शर्यतीआधी सराव कमी करत नेण्याचा काळ. तिथे कमीच पळा, परतल्यावर एकच छोटं टेम्पो करा आणि उरलेली सगळी मेहनत झोपेवर लावा.

तिसऱ्या रविवारी मी परत ३० किलोमीटरच्या यादीत असते. तोपर्यंत डिसेंबर लागलेला असतो, पहाटे पाचला विद्यापीठाच्या फाटकाजवळ शेकोटी पेटलेली असते आणि सर विचारतात, “ताई, पोटरी?” गेली तीन वर्षं उत्तर एकच आहे: ठीक.